तात्यांच्या हातचा नऊ

इंदापूरच्या पेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. आजोबांनी काढलं, वडिलांनी वाढवलं आणि मी ते बुडू दिलं नाही, एवढीच माझी कर्तबगारी. वडिलांना सगळी पेठ तात्या म्हणते, म्हणून मीही तात्याच म्हणतो. भांडी विकणं हा आमचा धंदा, पण आमची ओळख नावं घालण्याबद्दल. लग्नात किंवा वास्तुशांतीला भांडं द्यायचं तर ते कुणाकडून कुणाला हे त्यावर लिहावं लागतं. मी ते हल्ली विजेच्या पेनाने घालतो. तात्या मांडीवर भांडं धरून, पोलादी छिन्नीवर छोट्या हातोडीने टकटक करत एकेक टिंब उठवायचे. टिंबाला टिंब लागून अक्षर व्हायचं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि चारचौघांत कुणी बोलत नाही. आहेरात आलेली भांडी पुन्हा आहेरात जातात. घरात पातेल्यावर पातेली साचतात, पुढच्या लग्नाला नवं कुठून घ्यायचं, मग बाई पिशवीत झाकून भांडं आणते आणि हळूच म्हणते, जुनं नाव मोडा आणि हे घाला. जुनी टिंबं ठोकून सपाट करायची, वर घासायचं, आणि दुसरं नाव उठवायचं. तात्यांनी याबद्दल कधी कुणाला एक शब्द विचारला नाही. ज्याचं भांडं त्याचं नाव, असं ते म्हणायचे. मीही विचारत नाही. गिऱ्हाईक म्हणजे देव, आणि देवाला प्रश्न विचारून पेठेत दुकान चालत नाही.

तात्यांचा हात मी हजारात ओळखेन. अक्षरं मराठी, पण तारखा ते इंग्रजी आकड्यांत घालत. त्यांच्या नऊची शेपटी आत वळायची, आणि शेवटचा आकडा संपला की जरा अंतर सोडून एक खोल टिंब द्यायचे. काम संपलं याची ती खूण. आमच्या घरातल्या हंड्यावर, परातीवर, आईच्या पितळी डब्यावर हेच टिंब आहे. लहानपणी जेवताना ताटाच्या काठावर मी त्यावरून बोट फिरवत बसायचो आणि आईचा मार खायचो.

गेल्या हिवाळ्यात लासुर्ण्याच्या आबांकडून मोठी ऑर्डर आली. नातीचं लग्न होतं. आबा म्हणजे जुने ऊसवाले, घरचा ट्रॅक्टर, घरची विहीर, गावात शब्दाला वजन. पण पंचक्रोशीत ते ओळखले जातात त्यांच्या गाडीमुळे. दोन माणसांची, बिनछपराची, जमिनीला टेकलेली लाल विलायती गाडी. शर्यतीची गाडी, असं लोक म्हणतात. जवळच्या कारखान्याच्या वसाहतीतला एक साहेब बदली होऊन निघाला तेव्हा आबांच्या वडिलांनी ती त्याच्याकडून घेतली. गावातला प्रत्येक नवरदेव मारुतीच्या दर्शनाला त्याच गाडीतून जातो. मीसुद्धा माझ्या लग्नात तिच्यात बसलो होतो, कारण तात्यांचा आणि त्या घराचा घरोबा. फेटा वाऱ्याने उडू नये म्हणून डोकं धरून बसलेला माझा फोटो घरात आहे.

भांडी पोचवायला मी टेम्पो घेऊन गेलो तेव्हा अंगणात गाडीचं बॉनेट उघडं होतं. पुढे माझा मित्र वाकलेला. हा माझा शाळेतला सोबती, बारामती रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. त्याचे वडीलही मिस्त्रीच होते. त्यांना लोक थोरले मिस्त्री म्हणत. ते जाऊन बरीच वर्षं झाली. गाडी बघायची तर याच बापलेकांनी, हे ठरलेलं. बारामतीत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं, आणि मूळ इंजिन असलेल्या गाड्यांत आपली पहिल्या रांगेत उभी राहावी अशी आबांची फार इच्छा होती. त्यासाठी पुण्याहून एक पाहुणे तपासायला आले होते. मऊ बोलणारे, गळ्यात चष्मा अडकवलेले.

इंजिनावर दर दसऱ्याला रंग दिलेला, वर हळदकुंकू, वर पुन्हा रंग. मित्र रॉकेलच्या बोळ्याने एकेक थर काढत होता. त्याचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्याने मला हाक मारली. "ये लेका, बॅटरी धर जरा." मी मोबाईलचा उजेड धरला. खालून निळा रंग निघाला, मग हिरवा, मग लोखंड, आणि लोखंडावर आकडे.

पाहुण्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, कागदावरच्या नंबराशी ताडून घेतलं.

"आबा, गाडी देखणी आहे. पण हे इंजिन हिचं नाही," ते म्हणाले.

"न्हाय कसं? नंबर कागदाशी जुळतोय की."

"नंबर जुळतोय. पण कंपनीत नंबर ठशाने मारतात, सगळे आकडे एका मापाचे येतात. हे कुणीतरी हाताने, टिंबटिंब करून घातलेत. आणि हे इंजिन याच कंपनीच्या साध्या घरगुती मोटारीचं आहे. बाहेरून सारखं दिसतं, म्हणून चटकन कळत नाही. मूळ इंजिनाचे दोन कार्बोरेटर काढून याच्यावर बसवलेत, आणि ते बसावेत म्हणून मध्ये ही पट्टी घरी बनवून घातलीय. ज्याने बसवलं त्याचं काम मात्र फार सफाईचं आहे."

मला त्यातलं निम्मंच ऐकू आलं. उजेड माझ्याच हातात होता आणि उजेडात आत वळलेल्या शेपटीचे दोन नऊ होते. शेवटच्या आकड्यानंतर, जरा अंतर सोडून, एक खोल टिंब. आमच्या स्वयंपाकघरातलं टिंब लासुर्ण्याच्या मोटारीत. मी टिंब बघायला वाकलो आणि उजेड भलतीकडे गेला, तेव्हा मित्र म्हणाला, "नीट धर की."

आबांचा चेहरा आधी पडला, मग तापला. भावकीतले चारपाच जण उभे होते, ट्रॅक्टरवाले दोघं चहा पीत होते. त्यांच्यासमोर आबा मित्राकडे वळले.

"ह्या गाडीचं इंजिन जल्मात एकदाच उतारलंय. तुज्या बापानं. चांगलं काढून खाल्लं आन दुसरंच घातलं आमच्या बोकांडी. आन आमी त्याला घरचा मानूस समजून जेवू घालत हुतो."

मित्र नुसता बोळा पिळत राहिला. आणि मग आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी नावं घालनारी मानसं. हे अक्षर कुनाच्या हातचं, वळकाय येतंय का?"

त्यांनी सहज विचारलं होतं, पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं सगळं अंगण माझ्या कपाळावर तात्यांचं नाव वाचतंय. खरं बोललो असतो तर दोन शब्दांत काम होतं. पण मला आमची पाटी दिसली, पेठ दिसली, आणि मनात आलं की तात्यांनी हे थोरल्या मिस्त्रींच्याच सांगण्यावरून केलं असेल, मग सांगून मित्राचा तरी काय फायदा. माणूस स्वतःची कातडी वाचवताना किती झटपट परोपकारी होतो, ते मला त्या दिवशी कळलं.

"न्हाय ओ आबा," मी म्हणालो. "गंज चढलाय. सांगता येत न्हाय."

मित्राने पाने गोळा केले, पिशवीत टाकले, आबांना "येतो" म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारून गेला. मी भांडी मोजून दिली, दिलेला चहा प्यायलो. तो चहा मी प्यायलो, याची मला अजून लाज वाटते.

घरी आलो तेव्हा तात्या जेवत होते. आता त्यांची पंच्याऐंशी उलटलीय, हात कापतो, पण कान आणि आठवण शाबूत. मी पाट ओढून समोर बसलो.

"तात्या, तुमी कधी मोटारीच्या इंजिनावर नंबर घातला हुता का?"

"लासुर्न्याच्या? घातला हुता की." त्यांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "बिडाचं लोखंड लई कडाक. छिन्नीची टोकं मोडली माझी. अजून नीट वाचाय येतंय न्हवं?"

मी कपाळाला हात लावला. मला वाटलं होतं ते दचकतील, निदान इकडेतिकडे बघतील. ते तर कौतुकाची वाट बघत होते.

मग त्यांनी सगळं सांगितलं, भाजी कुठल्या भावाने आणली हे सांगावं तसं. एका साली कालव्याच्या पाण्याची पाळी चुकली आणि शेवटच्या टोकाचा ऊस वाळायला लागला. थोरल्या आबांच्या, म्हणजे आबांच्या वडिलांच्या, विहिरीवरचं डिझेल इंजिन नेमकं तेव्हाच बिघडलेलं, आणि सुटा भाग मिळेना. त्या माणसाने शर्यतीच्या गाडीचं इंजिन उतरवून घेतलं, बैलगाडीच्या सांगाड्यावर बांधलं आणि पट्टा लावून पंपाला जोडलं. विहीर लांब मळ्यात, आणि आबा तेव्हा शिकायला बाहेरगावी. थोरल्या मिस्त्रींनी बजावलं होतं, हे पळायचं इंजिन आहे, एका जागी उभं राहून राबायचं नाही. ऐकतोय कोण? रात्रंदिवस पाणी ओढलं. ऊस वाचला आणि इंजिन जाम झालं. अंगाला तडा गेला.

"मग थोरलं आबा लाजलं," तात्या म्हणाले. "गावभर गाडीच्या फुशारक्या मारलेल्या. लोक म्हनले असते, घोडं औताला जुपून मारलं. म्हनून पुन्याच्या जुन्या बाजारातनं दुसरं आनलं, मिस्त्र्याकडनं गुपचूप बसवून घेतलं. पर नंबर कागदाशी जुळाय पायजे."

"मिस्त्र्याकडं ठसे हुते की. त्यांनी का न्हाय मारला?"

"न्हायच म्हनला त्यो. म्हनला, बसवून दितो, चालवून दितो, पर दुसऱ्याचा नंबर ह्याच्यावर माझ्या हातनं पडनार न्हाय. लई आडमुठा मानूस." तात्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला. "मग थोरलं आबा माझ्याकडं आलं. मी म्हनलं, द्या हिकडं. जुना नंबर मोडला आन ह्यो घातला. ज्याचं भांडं त्याचं नाव."

मी तावातावाने बोलणार होतो, पण कोणत्या तोंडाने? आदल्याच आठवड्यात मी एका बाईच्या परातीवरचं तिच्या नणंदेचं नाव मोडून दिलं होतं आणि वर तिला चहा पाजला होता. तात्यांच्या लेखी इंजिन ही जरा अवजड परात होती. थोरल्या मिस्त्रींना मात्र त्यातलं खोटं कळलं होतं, त्यांनी हात लावला नव्हता, आणि चोर म्हणून नाव त्यांचं निघालं होतं.

"तात्या, आबा म्हणतायत मिस्त्र्यानं चोरलं."

तात्यांचा घास थांबला. "आसं कसं म्हनतायत? जाऊन सांग की त्येला. त्यात झाकायचं काय हाय?"

त्यांना काहीच झाकायचं नव्हतं. झाकायचं मला होतं. उद्या जाऊ म्हणालो, आणि उद्याचा परवा झाला. तात्या रोज विचारायचे, सांगितलंस का, आणि मी म्हणायचो, लग्नाची गडबड आहे त्यांच्याकडे. म्हाताऱ्या बापाला मी खेळवत होतो.

तोवर गोष्ट लासुर्ण्यातून निघून निरवांगीला पोचली, तिथून इंदापूरच्या बाजारात आली. उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्याच दुकानात एक गिऱ्हाईक कळशी टिचकीने वाजवून बघताना म्हणालं, "मिस्त्र्याच्या बापानं आबांचं इंजिन मारलं म्हनं. पोरगं तरी काय निराळं आसनार?" मी म्हणालो, कळशी जाड पत्र्याची आहे, घ्या. ऊसतोडीचा हंगाम, रस्त्याने ट्रॅक्टरांची रीघ लागलेली, एरवी माझ्या मित्राच्या गॅरेजसमोर चारदोन ट्रॅक्टर उभेच असतात. मी दोनदा मुद्दाम तिकडून गेलो. समोरची जागा मोकळी होती आणि तो पायरीवर बसून पाने पुसत होता. मी हॉर्न वाजवून हात केला, त्यानेही केला. थांबलो मात्र नाही. मग ऐकलं की आबांनी लग्नाची पत्रिका त्याला पाठवली नाही. त्या घरातलं एकही कार्य थोरल्या मिस्त्रींच्या घराला वगळून झालेलं नव्हतं.

शेवटी तात्यांनीच घोळ मिटवला. एका सकाळी ते टोपी घालून, काठी घेऊन दुकानाच्या पायरीवर बसले. म्हणाले, "टेम्पो काढ. तू सांगत न्हाईस, मी सांगतो." त्यांना टेम्पोत चढवायचं म्हणजे तिघांचं काम. मी म्हणालो, तुमी बसा, मी जातो. आणि गेलो. म्हणजे मी गेलो, असं म्हणणंही पुरतं खरं नाही. मला धाडलं गेलं.

आबा मांडवाच्या खांबांपाशी उभे होते. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तात्यांनी सांगितलं तसं. आबांची नजर विहिरीकडे गेली.

"त्या साली आमचाच ऊस उभा ऱ्हायला हुता," ते म्हणाले. "आमचं वडील म्हनायचं, देवाची किरपा." मग हसल्यासारखं केलं, पण हसू आलं नाही. "मी चारचौघांत बोल्लो त्येला. चारचौघांतच निस्तराय पायजे."

मला एका शब्दाने ते बोलले नाहीत. त्याच दुपारी त्यांनी भावकीतली तीच माणसं बरोबर घेतली, गॅरेजवर गेले, अक्षता लावलेली पत्रिका मित्राच्या हातात दिली आणि म्हणाले, माझं चुकलं, तुझ्या बापाचं काही चुकलं नव्हतं. रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्यांनी ते ऐकलं आणि दोन दिवसांत बाजारालाही कळलं. गाडी प्रदर्शनात गेली नाही. पुण्याच्या पाहुण्यांना आबांनी स्वतः फोन करून इंजिनाचं खरं काय ते सांगितलं, म्हणे. तात्यांचं नाव निघालंच, पण पेठेत कुणी त्यांना काही बोललं नाही. उलट दोघंतिघं विचारून गेले, बिडावर नंबर घातला कसा? तात्या खुशीत सांगत बसले.

लग्नाला मित्र आला. पंगतीत मी त्याच्या शेजारी पान धरलं. माझ्या जिवाला आता बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. खरं सांगून टाकलं, मित्राच्या बापाचं नाव राहिलं, आपणही काही वाईट माणूस नाही, अशी एक गुबगुबीत भावना पोटात घेऊन मी बसलो होतो. बुंदी वाढून झाली तेव्हा मी त्याच्याकडे झुकून म्हणालो, "आबांना मीच सांगितलं. आमच्या तात्यांनी घातला हुता त्यो नंबर. लय वाईट वाटलं बघ मला."

त्याने माझ्याकडे न बघता मीठ ओढून घेतलं.

"मला ठाव हुतं," तो म्हणाला.

"कवापासनं?"

"माझे अब्बा हुते तवापासनं. सांगून गेलते, कवा ह्यो विषय निघाला तर तात्यांचं नाव घ्यायचं न्हाय. अडानीपनानं केलंय त्यांनी, पेठंत त्यांचं नाव हाय, ते जाया नगं. आपल्यावर आलं तर येऊ दे म्हनले." त्याने द्रोण माझ्याकडे सरकवला. "म्हनून मी गप हुतो त्या दिशी. आबा चोर म्हनले तरी. आन तुला इचारलं तवा मला वाटलं, आता ह्यो सांगल. ह्याचा बाप हाय, ह्यो सांगू शकतो."

एवढं बोलून तो जेवायला लागला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, कारणं दिली असती, ती तर मी तयारच करून ठेवली होती.

"बुंदी घे की," तो म्हणाला. "पान रिकामं दिसतंय तुजं."

मी घेतली. घास तोंडात घातला, आणि तो गिळेपर्यंत मान वर करून त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.